बुधवार, दार उघडेल

चारीला पाणी येऊन तेवीस दिवस झाले होते, आणि तेवीस दिवस चर्चच्या भिंतीवरच्या फळ्याची डावी बाजू तशीच होती. वरच्या ओळीत ‘पुढील पाळी’, खालच्या ओळीत ‘सूचना येईपर्यंत बंद’. अक्षर नवऱ्याचं. वाकडं, पण ठाम.

उजवी बाजू माझी.

फळा चर्चचा, पण भिंत रस्त्याला लागून. शेताकडे जाणारा प्रत्येक माणूस तिथूनच जातो. म्हणून फार पूर्वी कुणीतरी फळ्याच्या मधोमध रंगाची उभी रेघ मारली होती. डावीकडे पाण्याची पाळी : कुणाची, कोणत्या वारी, किती वाजता. उजवीकडे रोजचं चिंतन. नवरा पाटकरी आहे. मोठ्या कालव्यातून आमच्या चारीत पाणी सोडायचं जे लोखंडी दार आहे, ते उघडायचं, बंद करायचं, वहीत लिहायचं आणि फळ्यावर लिहायचं, एवढं त्याचं काम. दाराची चक्री फिरवायचं हँडल आमच्या घरात खिळ्याला टांगलेलं असतं. मी लग्न होऊन आले तेव्हा पाळकसाहेबांनी माझं बी.ए. झालंय एवढंच ऐकलं आणि दुसऱ्या रविवारी खडूचा डबा माझ्या हातात ठेवला.

“चार ओळी,” ते म्हणाले. “फार नको. माणूस डोक्यावर ओझं घेऊन उभ्या उभ्या वाचतो.”

तीन वर्षं मी चार ओळी लिहीत होते. संध्याकाळी लिहायचं ते दुसऱ्या दिवसाचं. वर वार मोठ्या अक्षरात, मग मथळा, मग खाली बारीक मजकूर. धीर धरा, देव जवळ आहे, आजचं ओझं आजच उतरवा, असं काहीबाही. वाचतं कोण, हे मला कधी नीट कळलं नव्हतं. एक वाचक मात्र खात्रीचा होता. नवऱ्याची आत्या. लहानपणी आई गेल्यावर नवऱ्याला तिनेच वाढवलं. ती आमच्याच घरात राहते, आणि तिच्या नावावर चारीच्या अगदी शेपटाला रानाची एक पट्टी आहे. तिला साठीत अक्षरओळख झाली ती त्या फळ्यावर. मीच शिकवलं. बोट हवेत धरून ती वाचायची आणि मध्येच थांबायची, म्हणून मी तिला सारखं बजावायचे, “आत्या, थांबायचं नाही. ओळ संपेपर्यंत सरळ जायचं.”

त्या मंगळवारी आमच्या लेकीला, ढबूला, ताप होता, तिसरा दिवस. दाढा येतायत, असं सगळे म्हणत होते. मलाही माहीत होतं दाढा येतायत. तरी दर दहा मिनिटांनी मी तिच्या मानेखाली हात घालून बघायचे आणि मग माझ्या स्वतःच्या मानेला हात लावायचे, फरक किती आहे ते कळावं म्हणून. तीन दिवस मी देवापाशी एकच धोशा लावला होता. तो ऐकत होता की नाही कोण जाणे. संध्याकाळी तिला कडेवर घेऊनच फळ्यापाशी गेले. डाव्या हातात पोर, उजव्या हातात खडू. लिहिलं :

‘बुधवार. दार उघडेल.’

आणि खाली बारीक अक्षरात : ‘हाक मारत राहा. आत कुणी नाही असं वाटलं तरी पायरीवरून उठू नका. उशीर म्हणजे नकार नव्हे.’

शेवटची ओळ मला फार आवडली. घरी येईपर्यंत ती मी दोनदा मनात म्हटली.

पहाटे ढबूचा ताप उतरला. घामाने तिचं झबलं ओलं झालं, ती माझ्या पोटाला चिकटून झोपली, आणि तीन दिवसांची जागलेली मी मेल्यासारखी झोपले. नवरा उठून पाटबंधाऱ्याच्या ऑफिसला गेला ते कळलं नाही. आत्या अंगणात खुडबुड करत होती ते झोपेत ऐकलं. बायकांचं बोलणं ऐकलं. उठले तेव्हा ऊन पायरीवरून आत आलं होतं.

अकराच्या सुमाराला नवरा आला. सायकल भिंतीला न टेकवता तशीच आडवी टाकली.

“फळ्यावर काय लिहिलंयस?”

“का? चिंतन.”

“चल जरा.”

“पोर झोपलीय.”

“घे तिला.”

फळ्यासमोर उभं राहून त्याने मोठ्याने वाचलं, शाळेतल्यासारखं, डावीकडून उजवीकडे :

“पुढील पाळी बुधवार. दार उघडेल.”

मी बघत राहिले. मधली रेघ उन्हापावसाने इतकी उडाली होती की ती आहे हे माहीत असणाऱ्यालाच दिसावी. फळ्याखाली बाक आहे. डाव्या बाजूच्या खालच्या ओळीला बसणाऱ्यांच्या पाठी घासून घासून ‘सूचना येईपर्यंत बंद’ची नुसती पांढरी धूळ उरली होती. माझा मथळा नेमका त्याच्या वरच्या ओळीच्या पातळीत. एकच ओळ. आणि दार. इथे कुणी दार म्हटलं की कुणाच्या डोळ्यांसमोर घराचं दार येत नाही. चारीचं दार, वाफ्याचं दार. ‘दारं धरायला गेलाय’ म्हणजे रानात पाणी द्यायला गेलाय. तीन वर्षं मी हे रोज ऐकत होते. लिहिताना मात्र मी इथे नव्हतेच. माहेरच्या चर्चमधल्या कुठल्यातरी बाकावर बसून लिहीत होते.

“सकाळपासून सहा जणांनी अडवलं,” नवरा म्हणाला. “पाटकरी, वार लिहिलास, वेळ नाही लिहिली. ऑफिसच्या साहेबासमोर एकाने विचारलं.”

मला हसू आलं. खरंच आलं. त्यालाही थोडं आलं असावं, कारण त्याने तोंड फिरवलं. मग एकदम म्हणाला, “आत्या कुठे आहे?”

आम्ही दोघं धावत घरी आलो. अंगणात न्हाणीच्या पाण्यावर आत्याने कोबीचं रोप केलं होतं. पाच आठवडे ती त्याला अंघोळीचं, भांड्यांचं, माझ्या पोरीच्या दुपट्यांचं पाणी घालत होती. रोज सकाळी एक काडी नखाने दाबून बघायची आणि म्हणायची, “म्हातारं व्हायला लागलं गं हे. आता नाही लागलं तर नाहीच लागायचं.”

वाफा रिकामा होता. उपटलेल्या जागी बोटाएवढी भोकं, बस.

•

आत्याची पट्टी घरापासून वीस मिनिटांच्या वाटेवर. आम्ही पोचलो तेव्हा सावडीला आलेल्या दोघी शेजारणी (आज त्या हिच्याकडे, परवा ही त्यांच्याकडे, असं त्यांचं चालतं) पाय धुवून निघायच्या तयारीत होत्या. आत्या बांधावर पाय पसरून बसली होती. पुढे सऱ्यांमध्ये दोन हजार रोपं, हातभर अंतरावर, सरळ रांगांत. रानात ठेवलेल्या दोन पिंपांतलं पाणी तिने भोकं ओली करायला संपवलं होतं. दोन्ही पिंपं आडवी.

“आलास?” तिने नवऱ्याला विचारलं. “किती वाजता सोडतोयस? शेपटाला यायला रात्र होईल. कंदील आणावा लागेल.”

नवरा तिच्याकडे बघत राहिला. बोलायचं मला होतं.

“आत्या, पाणी नाहीये. ते चिंतन होतं. माझं.”

“काय होतं?”

“दार म्हणजे... प्रार्थनेचं दार. आपण देवाला हाक मारतो, आणि तो...”

“बुधवारचं?”

“बुधवारचं चिंतन. पाणी नाही.”

शेजारणी एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, “बाई गं.” दुसरीने पदर तोंडाला लावला, ती हसत होती की काय ते मला कळलं नाही. आत्याने पाय जवळ घेतले. बांधावरचं एक ढेकूळ उचललं, चुरगाळलं, टाकलं.

“मग तसं लिहायचं,” ती म्हणाली.

“चुकलं माझं. मला वाटलं नाही कुणी देवाचं वाक्य असं...”

“मी देवाचं म्हणून नाही वाचलं,” आत्या म्हणाली. “तुझं म्हणून वाचलं.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती उठली, एक पिंप सरळ केलं, आत वाकून पाहिलं. मग दुसरं.

•

ताजं लावलेलं रोप दुपारपर्यंत मान टाकतं. दुसऱ्या दिवशी खालची पानं कागदासारखी होतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काडी आतून वाळली की मग पाऊस पडला काय आणि कालवा फुटला काय. हे सगळं मला त्या चार दिवसांत कळलं.

पाणी होतं ते चर्चमागच्या हापशाला. नवरा सायकलला दोन डबे लावायचा, मी आणि आत्या डोक्यावर एक, काखेत एक. ढबूला मी पाठीला झोळी करून बांधायचे. तिचा ताप पुन्हा आला नव्हता, पण माझा हात पुन्हा पुन्हा मागे जायचाच. एका हाताने कळशी धरलेली, दुसरा पाठीमागे, पोरीच्या पोटरीवर. एका रोपाला एक फुलपात्र. रोपाच्या अंगावर नाही, बुडाशी, बोटाने आळं करून. एका खेपेला तीनेक सऱ्यांची नुसती टोकं भिजायची. वर डोकं उचललं की पुढे पट्टी तशीच, जराही कमी झालेली नाही.

हापशाची वाट फळ्यावरूनच. नवऱ्याने बुधवारीच बाहीने दोन्ही बाजू पुसून काढल्या होत्या. डावीकडे पुन्हा ‘पाणी बंद’ लिहिलं, या वेळी वर आणि खाली दोनदा. उजवीकडे काही नाही.

बाकावरचे लोक मात्र होते. चारीच्या तोंडाशी, दाराला लागून ज्यांचं रान आहे, त्यांना सगळे वरचे काका म्हणतात. ते रोज तिथे असायचे.

“काय पाटकरीणबाई,” ते म्हणाले, “आमच्या विहिरीवरही एखादं चिंतन लिहा. पार गाळाला लागलीय.”

बाकीचे हसले. मी मान खाली घालून गेले. डोक्यावर कळशी असली की मान खालीही नीट घालता येत नाही.

दुसरा एक म्हणाला, “पाटकऱ्याला आता कामच नाही. बायकोच पाणी सोडते.”

“सोडलं कुठे? नुसतं बोललीय.”

गुरुवारी संध्याकाळी पाळकसाहेब हापशावर भेटले. त्यांनी सायकल उभी केली आणि माझ्या हातातून दांडा घेतला. हापसायची त्यांना सवय नव्हती. चौथ्या दाबाला धाप लागली.

“एक चांगलं झालं,” ते म्हणाले. “लोक वाचतात, एवढं तरी कळलं.”

“साहेब, मला नाही लिहायचं यापुढे.”

“उद्यासाठी काहीतरी धीराचं...”

“धीराचंच लिहिलं होतं.”

कळशी भरून वाहायला लागली तरी ते दांडा मारत राहिले.

मी त्यांना काय सांगणार होते? तीन वर्षं मी लोकांना धीर धरायला सांगत होते, आणि धीर म्हणजे मला वाटायचं मनातली काहीतरी गोष्ट. शांत बसायचं, डोळे मिटायचे. इथे धीर म्हणजे आत्याचा गुडघा होता. तो दर रोपापाशी वाकताना कट्‌ वाजायचा. दोन हजार वेळा कट्‌. ‘पायरीवरून उठू नका,’ असं मी लिहिलं होतं. ती बिचारी पायरीवर बसायला मोकळी होती कधी?

शुक्रवारी सकाळी आत्याने एक रोप उपटून काडी मोडली. आत हिरवं होतं. दुसरं मोडलं. तपकिरी. तिने दोन्ही माझ्यासमोर धरली नाहीत, खाली टाकली. मी बघितलंय हे तिला माहीत होतं.

दुपारी जेवताना मी नवऱ्याला म्हटलं, “अहो, मोठ्या कालव्यात पाणी आहे ना?”

त्याचा घास हातातच राहिला. आत्या चुलीपाशी पाठमोरी होती.

“आहे.”

“मग चार आटे फिरवले तर? थोडा वेळ.”

“ते पिण्याचं आहे. खालच्या शहराच्या टाकीत जातंय. सगळ्या दारांना बंदीचा हुकूम आहे.”

“कळणार कुणाला?”

“मला,” तो म्हणाला आणि जेवू लागला. थोड्या वेळाने म्हणाला, “तिथेही कुणाच्या तरी मांडीवर पोर असेल.”

त्याच्या तळहाताला सायकलच्या मुठीने फोड आले होते. भात कालवताना तो बोटांच्या टोकांनीच कालवत होता. मी ताट उचलून बाहेर गेले. तो बरोबर बोलत होता, आणि मला त्याचा भयंकर राग आला.

•

शनिवारी त्याला ऑफिसला बोलावणं होतं. आत्या रानात. साडेअकराला मी ढबूला भरवलं, तिचं तोंड पुसलं, आणि दुसऱ्या खेपेला निघायचं म्हणून कळशी घेतली. मग ती खाली ठेवली आणि खिळ्यावरचं हँडल काढलं. वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं. साडीच्या घडीत गुंडाळलं तर एका बाजूला ओढ बसली आणि मी वाकडी चालू लागले.

प्रार्थना केली नाही. उत्तर माहीत होतं, म्हणून केली नाही.

चारीचं दार गावाच्या वरच्या अंगाला. ऊन डोक्यावर, चिटपाखरू नव्हतं. ढबूला बाभळीच्या सावलीत बसवलं, तिच्या हातात माझी बांगडी दिली. हँडल चक्रीत बसवलं. पहिला अर्धा वेढा फिरेना. मी पाय भिंतीला लावून अंगाचं वजन टाकलं. गंजाचा कर्र आवाज झाला आणि मग चक्री एकदम सैल फिरली. मोजून चार आटे.

पाणी आलं. आधी गढूळ, मग पुढे काटक्या, पानं, फेस ढकलत. चारीच्या कोरड्या तळावरून ते हळूच पुढे निघालं, एखादं जनावर वास घेत जातं तसं. मी पोरीला उचललं आणि काठाकाठाने त्याच्याबरोबर चालू लागले. खरं म्हणजे मला रडू येत होतं, आणि मी त्याला म्हणत होते, चल, चल ना. दहा पावलं ते चालायचं आणि थांबायचं. समोर तळाला वीतभर रुंद भेग. पाणी तिच्यात उतरायचं, खाली कुठेतरी गुडगुड वाजायचं, बुडबुडे यायचे. भेग भरली की पुन्हा दहा पावलं. मग पुढची भेग. इतक्या दिवसांची तहानलेली चारी ती. आत्याच्या पट्टीच्या आधी तिला स्वतःलाच प्यायचं होतं.

पहिल्या वळणाला वरचे काका उभे होते. खांद्यावर फावडं. त्यांनी आधी पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या कुशीतल्या हँडलकडे. शांतपणे दोन फावडी मारून त्यांनी काठ फोडला, आणि पाणी वळून त्यांच्या कांद्यात शिरलं. कसं शिरलं. वाट पाहत असल्यासारखं.

“काका, ते आत्यासाठी आहे.”

“असं का?” ते म्हणाले. “फळ्यावर नव्हतं लिहिलेलं.”

चोरीच्या पाण्यावर हक्क कुठल्या तोंडाने सांगायचा? मी वळले. पोरगी कडेवर हिंदकळत होती. दारापाशी येऊन चार आटे उलटे फिरवले. मधली वीसेक मिनिटं झाली असतील. चारीत मागे चिखलाचा एक पट्टा राहिला, त्यावर गांधीलमाश्या बसायला लागल्या.

•

नवरा तीनला आला. त्याने खिळ्याकडे पाहिलं. हँडल जागेवर होतं, पण त्याला ओला गंज लागला होता. मी त्याने विचारायच्या आधीच सांगितलं, सगळं, एका दमात, वरच्या काकांसकट. आत्या नुकतीच रानातून येऊन भिंतीला टेकली होती.

नवऱ्याने फडताळातून वही काढली.

“काय करताय?”

“दार उघडलं की वहीत लिहायचं असतं.”

“वीस मिनिटं होती फक्त.”

“वीस लिहितो.”

“अहो, नोकरी...”

“कुणी उघडलं हेही लिहावं लागतं,” तो म्हणाला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. पेन झटकलं, तळव्यावर रेघ मारून पाहिली, फोडावर. मग लिहिलं. ‘घरच्या माणसाने.’ वही शर्टात घालून तो परत सायकलवर बसला.

तो गेल्यावर आत्या म्हणाली, “शेपटापर्यंत पाणी यायला आठ तास लागतात. तेही चारी ओली असली तर.”

“मला नव्हतं माहीत.”

“विचारायचं होतं. मला तेवढंच तर येतं.” तिने हात पुढे केला. “आण ती पोरगी इकडे. सगळी तापलीय उन्हाने. ताप नाही, ऊन आहे. सारखी मान चाचपू नकोस तिची.”

संध्याकाळी नवरा हँडलशिवाय आला. साहेबाने ते ठेवून घेतलं होतं. दार महिनाभर पलीकडच्या चारीचा पाटकरी बघणार, आणि हा कालव्याच्या काठचं गवत काढणाऱ्या टोळीत जाणार. साहेब म्हणे सगळ्यांसमोर म्हणाला, ‘घरचं दार सांभाळता येत नाही आणि कालव्याचं काय सांभाळणार?’ हे त्याने मला सांगितलं नाही, आत्याला सांगितलं. मी आत होते. चूळ भरून तो म्हणाला, “काय आत्या, खेप मारायची का अजून एक?” आणि डबे उचलले.

मी खडूचा डबा घेतला.

काय लिहायचं हे ठरलेलं नव्हतं. फळ्यासमोर उभी राहिले तर जुनी सगळी वाक्यं रांगेने आली, गोल, गुळगुळीत. एकालाही हात लावावासा वाटेना. शेवटी लिहिलं :

‘रविवार. आत्याच्या रानात रोपं मरतायत. चूक माझी. पहाटे सहाला हापशावर यावं. येताना भांडं आणावं.’

पाळकसाहेब उपासनेची तयारी करायला आले होते. माझ्यामागे उभं राहून त्यांनी वाचलं. दोनदा वाचलं असावं.

“हे चिंतन आहे?”

“आज एवढंच आहे साहेब.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. “‘चूक माझी’ जरा उजवीकडे सरकवा,” ते म्हणाले. “तुमच्या यजमानांच्या बाजूला जातंय.”

मी पुसून सरकवलं. मग त्यांनी माझ्या हातून खडू घेतला आणि पट्टी नसताना, नुसत्या हाताने, वरपासून खालपर्यंत मधली रेघ पुन्हा काढली. वाकडीच आली.

•

सहाला हापशावर मी, नवरा आणि आत्या. ढबू झोळीत झोपलेली. सव्वासहापर्यंत आम्हीच. मी रस्त्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि सारखी बघत होते. मग सावडीच्या दोघी आल्या, त्यातली एक म्हणाली, “भांडं आणा म्हणे. जसं काही सांगितल्याशिवाय आम्ही ओंजळीनेच पाणी आणणार होतो.” पाळकसाहेब आले, उपासनेचे पांढरे कपडे घालून, हातात लाल बादली. अजून तिघं आले. बाकावरचं कुणी आलं नाही. गाव केवढं आणि आम्ही केवढे. मी मोजणं थांबवलं, कारण आत्या रांग लावत होती आणि मोजायला वेळ नव्हता.

रानात पोचलो तर बांधाशी वरच्या काकांचा ट्रॅक्टर उभा. ट्रॉलीत चार पिंपं, काठोकाठ. काका खाली उतरून टायरला लाथ मारून बघत होते, जणू हवा बघायलाच आले होते.

“विहीर गाळाला लागलीय ना तुमची?” आत्याने विचारलं.

“गाळ बाजूला केला रात्री,” ते म्हणाले. माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, “आमच्या कांद्यात तुमचं पाणी गेलं. वीस मिनिटांचं किती होतं, मला हिशेब येत नाही. हे चार घ्या.”

“तुम्ही ते ऑफिसात सांगाल का?” मी विचारलं. “पाणी तुमच्या रानात गेलं म्हणून?”

“ते नाही सांगणार,” काका म्हणाले. “पाणी आणलंय.”

नवरा ट्रॉलीवर चढला आणि पिंपाला नळी लावून तोंडाने ओढ काढू लागला. पाळकसाहेबांची लाल बादली पहिली भरली. त्यांचं पांढरं धोतर पहिल्याच सरीत गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलं; ते तसेच वाकून पुढे जात होते, प्रत्येक रोपाशी काहीतरी पुटपुटत. प्रार्थना असेल, किंवा पाठ दुखत असेल.

माझ्या वाट्याला आत्याशेजारची सरी आली. फुलपात्र बुडवायचं, आळं करायचं, ओतायचं. माती पाणी ओढायची आणि बारीक हिस्‌ वाजायचं. निम्मी रोपं उभी होती, निम्म्याहून कमीच असतील. काहींचा मधला शेंडा तेवढा हिरवा होता. एकाशी मी थांबले. पानं सगळी गेलेली, काडी जमिनीला टेकलेली, पण ते मीच पहिल्या दिवशी भिजवलेलं, सरीच्या अगदी सुरुवातीचं. मी त्याच्याभोवती बोटाने आळं केलं.

शेजारच्या सरीत गुडघा कट्‌ वाजला.

“त्याला नको,” आत्या म्हणाली. “ते गेलं.”

माझा हात तसाच राहिला. फुलपात्रातलं पाणी काठावरून बोटांवर आलं.

“ओतून टाकू नकोस उगाच. पुढच्याला घाल.”

मी पुढच्याला घातलं.